टेंडरला सर्टिफिकेट चालतं, फी भरायला कुणी नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आयटीतली मुलं एकदा नोकरी लागली की सर्टिफिकेशन रिन्यू करत नाहीत, आळशी झालीत, असं कालच्या लेखात छापलंय तुम्ही. भांडुपला गाडीत वाचायला घेतलं आणि ठाणे यायच्या आत डोकं फिरलं. लिहिणाऱ्यांनी स्वतः कधी ती फी भरलीय का?

मी ऐरोलीतल्या एका कंपनीत नेटवर्कचं काम करते. २०२१ मध्ये सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट केलं, फी ३०० डॉलर, वर १८ टक्के जीएसटी, सगळं पदरचं. रात्री भांडी आवरून, पोरगी झोपली की सबनेटिंगची, म्हणजे एका नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटायची गणितं सोडवत बसायचे, असे आठ महिने. कंपनीने त्या सर्टिफिकेटची कॉपी दोन टेंडरना जोडली, त्यातलं एक मिळालंही. तीन वर्षांची मुदत संपत आली तसा एचआरला मेल केला की रिन्यूअलचा खर्च द्या, तर म्हणे आधी दोन वर्षांचा बॉण्ड लिहून द्या. ट्रेनिंग करून ३० क्रेडिट, म्हणजे गुण, जमवले तर परीक्षा न देताही रिन्यू होतं, पण त्या ट्रेनिंगचे दिवस स्वतःच्या रजेतून घ्या असं सांगितलं. पोरगी आजारी पडली तर मग रजा कुठून आणू? बॉण्ड मी दिला नाही, सर्टिफिकेट लॅप्स झालं, आता परत पूर्ण परीक्षा. आणि त्या वर्षी इन्क्रिमेंट कापलं त्याचं कारण लिहिलं, 'सर्टिफिकेशन चालू नाही'. वाचून बाथरूममध्ये जाऊन रडले मी.

मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर ॲडमिनिस्ट्रेटर या क्लाउडच्या सर्टिफिकेटची मुदत तर वर्षाचीच असते, पण रिन्यूअल घरबसल्या, फुकट, आणि सहा महिने आधीपासून देता येतं. ते आमच्या टीममध्ये सगळे वेळेवर करतात. मग आळस कुठे आला यात?

अजून एक. त्याच अंकात 'शंभर टक्के पास' अशी क्लासची जाहिरात आहे. असल्याच एका क्लासमध्ये फुटलेले प्रश्न पाठ करून आलेला मुलगा आमच्याकडे लागला होता, त्याला स्विचवर व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगळे भाग, करता येईना आणि रात्री दोनला फोन मला. या जाहिराती तुम्ही का घेता?

टेंडरला जोडलेल्या सर्टिफिकेटची फी कोणी भरली, हे कंपन्यांना एकदा विचारा आणि त्यांचं उत्तर त्याच पानावर छापा.

– एक वाचक, भांडुप