नाना, शाल घेतली नाहीत, निदान हे पत्र तरी घ्या

तीर्थस्वरूप नाना,
साष्टांग नमस्कार.

मायन्यातच अडले बघा. वडिलांना तीर्थरूप आणि वडिलांसारख्या माणसाला तीर्थस्वरूप, असं शाळेत शिकल्याचं आठवतं, पण खात्री नव्हती. एरवी सरळ तुमच्या ओट्यावर येऊन विचारलं असतं. पण तुम्हाला लिहायचं पत्र तुमच्याकडूनच कसं तपासून घेणार?

26 जानेवारीला झेंडावंदनानंतर तुमचा सत्कार करायचं ठरलं होतं. शाल आणि नारळ ताटात घालून ठेवले होते. तुम्ही फिरकलातच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणालात, "सूनबाई, शालीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकला?" वर्गणीतून होता हो नाना, शाळेच्या खात्यातला एक रुपया नव्हता. पण तुम्ही ऐकून घ्यायला तयार नव्हतात. म्हणून हे सगळ्यांसमोर पत्र. याला वर्गणीही लागली नाही आणि ठरावही.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की नानांनी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कारकुनी करण्यात सगळी नोकरी काढली, आणि निवृत्त झाल्यावर ती सगळी कारकुनी मला शिकवली.

मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले ती गोष्ट काही मिरवण्यासारखी नाही. पालकसभेत सरांनी शिक्षण हक्क कायद्यातलं वाचून दाखवलं: समितीत पाऊण हिस्सा पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कोणीतरी म्हणालं, मग या खेपेला अध्यक्षही बाईच करा. मी दाराजवळ बसले होते, सगळ्यांना आधी मीच दिसले. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग सभेला चहा कोण करणार?" पहिल्या दोन सभांचा चहाही मीच केला.

पुढचे सहा महिने मी नुसती सही केली. सर वही घेऊन घरी यायचे, मी पदराला हात पुसून सही करायचे. वरचं पान कधी भरलेलं असायचं, कधी नुसती तारीख. हे आज लिहिताना लाज वाटते, पण माझ्यासारख्या अजून कितीतरी जणी आत्ता, या घटकेला अशीच सही करत असतील, म्हणून लिहिते.

मग एकदा दीराच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज तपासून घ्यायला तुमच्याकडे आले. तुम्ही सहज विचारलंत, मागच्या सभेत काय ठरलं? मला सांगता येईना. "मग सही कशावर केलीस?" रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही चष्मा पुसत बसलात.

सभांच्या इतिवृत्ताची ती वही मी सरांना विचारून तुमच्याकडे आणली तो दिवस मला लख्ख आठवतो. लाल कापडी बांधणी, कोपरे कुरतडलेले. तुम्ही आत काय लिहिलंय ते बघितलंच नाहीत. आधी म्हणालात, पानांना आकडे घाल. मी बसून एक ते एकशे ब्याण्णव आकडे घातले. मग विषय क्रमांक कसा लिहायचा, चर्चा किती आणि ठराव किती, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे सगळं सांगितलंत. शेवटी लाकडी पट्टी काढलीत. ठरावाची शेवटची ओळ, तिच्याखाली लागूनच सह्या, आणि पानावर उरलेल्या कोऱ्या भागावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ. म्हणालात, "कोरी जागा दिसली की कोणाचा तरी ठराव तिथं राहायला येतो."

पुढच्या सभेनंतर मी ती रेघ मारली तेव्हा सरांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. तीन महिन्यांनी तेच मला म्हणाले, ताई, रेघ राहिली. सरांची बाजू तेव्हा मला ठाऊक नव्हती. ती पण तुमच्यामुळेच कळली.

आपली शाळा पहिली ते पाचवी, पटावर 58 पोरं, मंजूर शिक्षक दोन. बदल्यांमध्ये बाई गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. एकटे सर आणि पाच वर्ग. पोरं पाढे विसरायला लागली. माझी लेक तिसरीत, ती घरी येऊन सांगायची, आज आम्ही चित्र काढलं. रोज चित्रच. गावातली तरुण मंडळी तापली, शाळेला टाळं ठोकायचं ठरलं, फलकही रंगवायला घेतला. मी त्यांच्यात पुढे. तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही दोन कामं दिलीत. एक, टाळं लावलं तर नुकसान कोणाचं, त्यांची नावं लिहून आण. दोन, एक दिवस शाळेत मागे बसून सर किती मिनिटं शिकवतात ते लिहून आण.

नावांच्या यादीत पहिलंच नाव माझ्या लेकीचं निघालं. त्याखाली ती पाच-सहा पोरं, ज्यांच्यासाठी शाळेतली खिचडी हेच दुपारचं जेवण आहे. फलक तसाच अर्धा रंगवलेला राहिला.

दुसऱ्या कामासाठी मी एका लग्नपत्रिकेची कोरी बाजू घेऊन वर्गात मागे बसले. सर शिकवत नाहीत, हेच लिहायला बसले होते, खोटं कशाला बोलू. पण कागदावर आलं ते असं. हजेरी. त्या दिवशी 54 पोरं, म्हणून माणशी 100 ग्रॅमने 5 किलो 400 ग्रॅम तांदूळ मोजून द्यायचे. चव बघून नोंदवहीत लिहायचं. मग आहाराची माहिती मोबाइलवर भरायची, तर रेंज नाही, म्हणून फोन उंच धरून हातपंपापर्यंत चालत जायचं. आमच्या भागातल्या केंद्रशाळेतून फोन, एक लिंक पाठवली आहे, बाराच्या आत भरा. दोन पोरांचं आधार जुळत नाही, त्यांच्या आयांना बोलावून घ्यायचं. कसल्याशा दिनाचे फोटो अपलोड करायचे. मध्येच मतदार यादीचं काम. या सगळ्याच्या फटीफटीतून सर खडू उचलायचे, पहिलीला अक्षर गिरवायला लावून चौथीला भागाकार सांगायचे, तेवढ्यात परत फोन. मी बेरीज केली: 1 तास 50 मिनिटं. तीही पाच वर्गांत वाटून.

तुम्ही त्याच पत्रिकेवर खाली हिशेब मांडलात. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाला कमीत कमी 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे दिवसाला 4 तास. कलम 27 प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी सोडून अशैक्षणिक काम द्यायचं नाही. "निवडणूक त्यात आहे, लिंक नाही," म्हणालात. मी ज्या माणसाशी भांडायला निघाले होते, त्याच्यासाठीच आपण पत्र लिहायला बसलो.

त्या पत्राचा कच्चा कागद मी जपून ठेवलाय. मी "अत्यंत दुर्दैवी", "चिमुकल्यांचं भवितव्य अंधारात" असं बरंच लिहिलं होतं. तुम्ही सगळ्यावर काट मारलीत. विशेषणांना पोच मिळत नाही, हे तुमचं म्हणणं. उरलं ते एवढंच: शाळेचा पट 58. 60 पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक आवश्यक. मंजूर 2, कार्यरत 1. कलम 26 प्रमाणे रिक्त पदं 10 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. येथे हे प्रमाण 50 टक्के. दोनातलं एक म्हणजे पन्नास टक्के, हा साधा हिशेब आमच्यातल्या एकालाही सुचला नव्हता.

तालुक्याला मी तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला गेलेले. दुसऱ्यांदा पत्र घेतलं, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का द्यायला कोणी तयार होईना. तिसऱ्यांदा तुम्ही बरोबर आलात, पण बाहेर चहाच्या टपरीवरच बसून राहिलात. मला तुमचा रागच आला होता. आत तुमच्या हाताखाली काम केलेली माणसं होती, नुसते दारात उभे राहिला असतात तरी काम झालं असतं. "माझ्या तोंडाकडे बघून शिक्का मारला, तर पुढच्या वेळी परत मलाच यावं लागेल." आणि एक वाक्य पाठ करून घेतलंत. मी आत जाऊन तेच म्हटलं: पोच देता येत नसेल तर तसं लिहून द्या, खाली नाव आणि हुद्दा टाका. दोन मिनिटांत शिक्का. बाहेर आले तर तुम्ही माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. तोवर गार झाला होता तो भाग वेगळा.

लगेच काही सगळं सुरळीत झालं नाही, हेही लिहायला हवं. दीड महिन्याने आठवड्यातून तीन दिवस एक शिक्षक तात्पुरत्या कामगिरीवर आले. कायमच्या बाई पुढच्या जूनला. मधल्या काळात तिसरी-चौथीच्या पोरांचं जे राहिलं ते राहिलंच. लिंकांचं तर काहीच बदललं नाही. फक्त आता आम्ही प्रत्येक सभेत त्यांची संख्या लिहितो.

पैशांच्या बाबतीत तुम्ही माझे डोळेच उघडलेत. शाळेला पोतंभर पैसा येतो आणि मुरतो, असं गावात सर्रास बोललं जायचं, मीही बोलायचे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 25,000 रुपये. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर. उरलेल्या पैशांत लाइट बिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, गळकं छप्पर, सगळं. आमच्या वर्षी तर निम्मी रक्कम फेब्रुवारीच्या शेवटी आली आणि 31 मार्चच्या आत खर्चाची घाई. तोवर बिल थकून मीटर गेला होता आणि भिंतीवरचा स्मार्ट टीव्ही काळा होऊन बसला होता. तुम्ही सुचवल्याप्रमाणे जमाखर्चाचा कागद आम्ही शाळेच्या भिंतीवर चिकटवला. त्यानंतर मुरण्याचं बोलणं बंद झालं आणि मीटरसाठी आठ दिवसांत लोकवर्गणी जमली. आधी शिव्या देणाऱ्यांनीच दिली.

आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरांना गावातच राहून शिकता यावं, म्हणून असलेल्या हंगामी वसतिगृहाचं मात्र आपल्याला जमलं नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं पटावर असतात, वर्गात नसतात. 30 सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा ती मोजली जातात, आणि शिकायची वेळ येते तेव्हा ती फडात. प्रस्ताव उशिरा गेला, चूक माझी होती. आजीकडे राहिलेली दोन पोरं तेवढी टिकली.

सप्टेंबर 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करायचं निघालं तेव्हा वाडीवरच्या बायका माझ्याकडे आल्या. राज्यात तेव्हा वीसच्या आतल्या पटाच्या अशा शाळा 14 हजारांहून जास्त, त्यात त्यांची एक, पट 14. तुम्ही भाषण केलं नाहीत. पहिलीतल्या एका पोराचा हात धरून, घड्याळ लावून वाडीपासून आपल्या शाळेपर्यंत चालत आलात. 45 मिनिटं, मध्ये एक ओढा, त्यावर पूल नाही. प्राथमिक शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, हा नियम आणि ती 45 मिनिटं, एवढ्यावरच त्यांचा ठराव झाला. वाडीची शाळा आज तरी सुरू आहे.

आता एक तुम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट. बाई बदलून गेल्या त्याच आठवड्यात मी तालुक्याच्या इंग्रजी शाळेचा फॉर्म आणला होता. जावेचा मुलगा पिवळ्या बसने जातो, माझी लेक रोज दारात उभी राहून ती बस बघायची. फॉर्म भरून, फोटो चिकटवून तांदळाच्या डब्याखाली ठेवला होता. समितीची अध्यक्ष, आणि डब्याखाली दुसऱ्या शाळेचा फॉर्म. बस लावणाऱ्यांना मी आजही नावं ठेवत नाही. एका शिक्षकावर पाच वर्ग बघितले की कोणत्याही आईचा जीव वरखाली होतो. तुम्हाला हे कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. तुम्ही माझ्या लेकीबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. ते पत्र देऊन पोच घेऊन आले त्या रात्री फॉर्म काढला, फोटो अलगद सोडवून घेतला आणि कागद चुलीत घातला. फोटोचे पैसे पडले होते ना.

दोन वर्षं संपली, समिती नवी झाली. या वेळी अध्यक्ष एक तरुण पालक आहेत, ट्रॅक्टर चालवतात, बोलायला फटकळ आहेत पण वाचल्याशिवाय सही करत नाहीत. पदभार देताना शेवटच्या सभेचं इतिवृत्त मी लिहिलं, सह्या घेतल्या, खाली अर्धं पान कोरं होतं. पट्टी सापडेना, म्हणून लेकीच्या कंपासपेटीतली सहा इंची घेतली. रेघ मध्ये थोडी सांधलेली दिसते, तेवढं चालवून घ्या.

त्यांना मी तुमचं घर सांगितलंय. शनिवारी संध्याकाळी येतील. वही घेऊनच या म्हटलंय. ते चहाला साखर जास्त घेतात आणि तुम्हाला डॉक्टरांनी बंद केली आहे, तेव्हा त्यांच्या कपातली चाखून बघू नका.

तुमची,
सूनबाई
माजी अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
(पान क्र. 117 पर्यंत)