मार्था, तिच्याच नावाने

धरमपेठ, नागपूर

प्रिय विनू,

तुझं पत्र मिळालं. दिवाळी अंकासाठी लिहायला मला आवडेलच. पण तू दिलेला विषय, 'हेमिंग्वेची तिसरी बायको', काही केल्या माझ्या हातून लिहून होणार नाही. कादंबरीकार हेमिंग्वेशी लग्न केलेली ही अमेरिकन युद्धवार्ताहर, मार्था गेलहॉर्न; तिच्यावर लिहीन, पण तिच्याच नावाने. का, ते सांगते.

हेमिंग्वे तिला 1936 च्या डिसेंबरात भेटला. त्याआधीच, 1934 मध्ये, महामंदीच्या काळात ती सरकारसाठी गावोगाव फिरून बेकारांच्या घरची परिस्थिती लिहून पाठवत होती. पंचविशीतली पोरगी! आयडाहोत एक कंत्राटदार मजुरांना लुबाडत होता. हिने मजुरांना सांगितलं, मदत कार्यालयाच्या काचा फोडा, म्हणजे वरचे लोक लक्ष देतील. काचा फुटल्या आणि हिची नोकरी गेली.

लग्न टिकलं 1940 ते 1945. त्या दोघांचं प्रेम खरं होतं, असं मला मनापासून वाटतं. स्पेनच्या यादवीत माद्रिदवर तोफगोळे पडत असताना दोघं एकाच हॉटेलात राहून बातम्या पाठवत होते, आणि 1940 ची त्याची गाजलेली कादंबरी त्याने तिलाच अर्पण केली. पण क्यूबात संसार थाटल्यावर तिचं आघाडीवर जाणं त्याला खुपायला लागलं. 1944 मध्ये तर ती ज्या 'कॉलिअर्स' साप्ताहिकासाठी वर्षानुवर्षं लिहीत होती, त्याचाच युद्धवार्ताहर म्हणून त्याने स्वतःची नेमणूक करून घेतली. बायकांना आघाडीवर परवानगी नव्हतीच. तो विमानाने लंडनला गेला, ती स्फोटकं भरलेल्या जहाजातून.

पुढचं तर मी कितीदा वाचलं असेल! दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याने फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर चढाई केली, त्या वेळी ती एका इस्पितळ-जहाजावर चढली आणि संडासात कडी लावून लपून बसली. जहाज निघालं. रात्री स्ट्रेचरवाल्यांबरोबर पाण्यातून चालत ती किनाऱ्यावर उतरली, जखमींना आणायला. चढाईच्या दिवशी हेमिंग्वे होडीतूनच किनारा पाहून परतला होता. परत आल्यावर हिला लष्करी पोलिसांनी पकडलं, तर तिथूनही निसटून ती इटलीच्या आघाडीवर गेली.

विनू, मला तिच्याकडून मिळालं ते हे, की मोठ्या गोष्टीत शिरायचं ते एका माणसाच्या बाजूने. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, माणसं दगावली. तेव्हा मी तिकडे गेले होते. आकडे सगळेच छापून राहिले होते. वॉर्डातल्या एका मजुराने मला हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला, 'पऱ्हाटी एवढी वाढली होती ताई.' नेहमी कमरेखाली मारायचं औषध त्या साली तोंडासमोर मारावं लागत होतं, आणि सगळे तुषार डोळ्यांत, नाकात, अंगावरच्या बनियनवर. मी बातमीची सुरुवात त्या वर गेलेल्या हातापासून केली. अजूनही माझ्या कामातलं मला तेच सगळ्यात खरं वाटतं.

घटस्फोटानंतर ती अर्धशतकाहून जास्त जगली. 1945 मध्ये दाखाऊची छळछावणी पाहून लिहिलं, 1966 मध्ये व्हिएतनाममधल्या नागरिकांचे हाल लिहिले, आणि मग तिथल्या सरकारने तिला पुन्हा व्हिसाच दिला नाही. अमेरिकेने पनामावर हल्ला केला, तेव्हा एक्क्याऐंशीव्या वर्षी ती तिथे जाऊन घरं गमावलेल्यांशी बोलत होती. 1998 मध्ये गेली. मुलाखत द्यायची तर हेमिंग्वेचं नाव काढायचं नाही, ही तिची अट असे. या सगळ्यातली पाच वर्षं उचलून लेखाचा मथळा करायचा, हे मला पटत नाही रे.

तर दोन हजार शब्द दे, त्यात लग्नाला एक परिच्छेद. फोटो तिचा एकटीचाच छाप. तान्हा पोळा झाला की लेख पाठवते. वहिनींना नमस्कार सांग, आणि मथळ्याचं काय ते लवकर कळव.

तुझी,
माधुरी