खिडक्यांच्या शाळा

केरी, नॉर्थ कॅरोलिना
९ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मराठी शाळेच्या जुन्या दोन खोल्यांचं निर्लेखन मंजूर झालंय आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या पाडणार, हे तू परवा फोनवर सांगितलंस. मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. फोन ठेवला आणि मग झोप लागेना. बोलता आलं नाही म्हणून लिहितोय. शेवटी तुला एक काम सांगणार आहे, तेव्हा पत्र पुरतं वाच.

मी शनिवारी सकाळी गाडी काढून खेड्यांकडे जातो हे तुला माहीत आहे. कशासाठी जातो ते कधी नीट सांगितलं नाही. गेली चार वर्षं मी इथल्या जुन्या शाळा शोधत फिरतोय. साध्या, लाकडी, एक-दोन-तीन खोल्यांच्या, शेताच्या कडेला उभ्या असलेल्या. सापडली की फोटो काढतो.

या शाळांना रोझेनवाल्ड शाळा म्हणतात. इथे दक्षिणेकडच्या राज्यांत कायद्यानंच गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. काळ्या मुलांची शाळा म्हणजे पुष्कळदा चर्चमधला एखादा कोपरा नाहीतर गळकं खोपट. अलाबामातल्या टस्कीगी या काळ्यांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. त्यांनी शिकागोच्या ज्यूलियस रोझेनवाल्ड यांना या कामात ओढलं. रोझेनवाल्ड तेव्हा ‘सिअर्स, रोबक’ या बड्या कंपनीचे प्रमुख होते. १९१२ मध्ये अलाबामातल्या ६ शाळांची जुळवाजुळव झाली, आणि १९३२ पर्यंत १५ राज्यांत जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या. त्यातल्या सगळ्यात जास्त, ८०० च्या वर इमारती, माझ्या या नॉर्थ कॅरोलिनात.

पण रोझेनवाल्ड सगळे पैसे द्यायचे नाहीत. गावानं आधी आपली वर्गणी उभी करायची, काउंटीनं, म्हणजे इथल्या जिल्ह्यानं, आपला वाटा घालायचा, तेव्हा रोझेनवाल्ड यांच्या फंडाची रक्कम मिळायची. कुणी जमीन दिली, कुणी आपल्या रानातली झाडं तोडून लाकूड दिलं, बायकांनी जेवणं रांधून विकली. काही गावांत कापसाच्या रानाचा एक तुकडा शाळेच्या नावानं राखून ठेवत. सगळा हिशेब मांडला तर रोझेनवाल्ड यांच्याकडून साधारण ४३ लाख डॉलर आले आणि काळ्या लोकांच्या वर्गणीतून ४७ लाख. ही माणसं कोण, तर बहुतेक शेतमजूर आणि दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारी. ती करही भरत होती. म्हणजे एकाच शाळेसाठी दोनदा पैसे मोजत होती. मला हे वाचून आधी राग आला, आणि मग आबा आठवले. ओसरीवर बसून ते रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टीफंडाच्या गोष्टी सांगायचे. दळायला बसताना बाया मूठभर धान्य बाजूला काढायच्या आणि त्यावर वसतिगृहातली पोरं जेवायची. मूठ तीच रे, फक्त इथे कापसाची. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती इथल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. ती अर्पणपत्रिका आपण शाळेत वाचली होती, पण तिचा अर्थ मला इथे, एका पडक्या शाळेच्या पायरीवर उभं राहून कळला.

शाळा शोधायच्या कशा, तर आधी कागदावर. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठानं प्रत्येक शाळेचं कार्ड आणि बहुतेकांचे जुने फोटो जपून ठेवलेत. मग अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे काढायचे. त्यांत शाळेची खूण म्हणजे छोटा काळा चौकोन आणि त्यावर निशाण. ती आताच्या नकाशावर जुळवायची आणि निघायचं. इकडची माती तांबडी आहे, पावसानंतर अगदी आपल्या महाबळेश्वरच्या घाटासारखी दिसते. थंडीतच जावं. पानं गळलेली असतात, वेली सुकलेल्या असतात, त्यामुळे झाडीत दडलेलं छप्पर रस्त्यावरून दिसतं. उन्हाळ्यात साप, गोचिडी आणि इतकी दाट हिरवळ की दहा पावलांवरची भिंत दिसत नाही. जवळपास जुनं चर्च आणि दफनभूमी असेल तर मी गाडी हळू करतो, कारण शाळा पुष्कळदा चर्चला लागूनच बांधायचे. आणि आत जायचं ते विचारूनच. जमीन कुणाची तरी असते, आठवणी तर असतातच.

दहांतल्या सात वेळा काहीच सापडत नाही. नुसता विटांचा चौथरा, नाहीतर तोही नाही. गोरी-काळी मुलं एकत्र शिकू लागली आणि या शाळा बंद पडल्या. काहींत गवताच्या गंज्या भरल्या, काहींत माणसं राहायला गेली.

पण सापडली की लांबूनच ओळखू येते, ती खिडक्यांवरून. उंचच्या उंच खिडक्या, एकीला लागून एक, सलग पाच-सहा. गावांत वीज नव्हती, म्हणून उजेडाचा सगळा विचार इमारतीच्या नकाशातच केलेला. पहिले नकाशे टस्कीगीत रॉबर्ट टेलर यांच्या देखरेखीखाली झाले. एमआयटीतून पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय. नंतरच्या छापील नकाशांवर तर स्पष्ट लिहिलेलं असे की ही इमारत कुठल्या दिशांकडेच तोंड करून बांधावी, कुठे पूर्व-पश्चिम, कुठे उत्तर-दक्षिण. बाकंही अशी मांडायची की उजेड मुलाच्या डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. एवढा विचार, आणि कुणासाठी, तर ज्यांना बाकी जगानं उजेडात येऊच दिलं नव्हतं त्यांच्यासाठी.

डरहॅम काउंटीत सेंट मेरीज रोडवर रसेल शाळा आहे. १९२६-२७ ची, दोन शिक्षकांची, त्या काउंटीत टिकून राहिलेली या प्रकारातली एकमेव. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. खिडक्यांचा फोटो अशाच दिवशी चांगला येतो, काचेवर चकाकी येत नाही. पण मी अर्धा तास कॅमेरा बाहेरच काढला नाही. मला आपला वर्ग आठवत होता. दोन हात लांबीची गजांची खिडकी, तीही शेणी रचून अर्धी झाकलेली. दाराजवळच्या जागेसाठी आपण रोज भांडायचो, कारण पाटीवरची अक्षरं तिथेच दिसायची. तू बहुतेक वेळा जिंकायचास.

आता काम. फिस्कच्या त्या प्रत्येक कार्डावर चार रकाने आहेत. काळ्या लोकांनी किती दिले, गोऱ्यांनी किती, सरकारनं किती आणि रोझेनवाल्ड फंडानं किती. एखाद्या शाळेची आज वीटही उरलेली नसते, पण तिच्यासाठी कुणी किती झळ सोसली ते त्या कार्डावर राहतं. आपल्या शाळेचं असं कार्ड नाही. आहेत ते आबा. तुझ्या आजोबांनी दगड वाहायला बैलगाडी दिली, माझ्या आजीनं पायाच्या दिवशी सगळ्यांना भाकरी घातल्या, तुळया कुणाच्या रानातल्या, कौलं कुठून आली, श्रमदानाला वरच्या आळीतले कोण होते आणि खालच्या आळीतल्यांना कुठे उभं केलं होतं, हे सगळं त्यांना माहीत आहे. शेवटचंही विचार, टाळू नकोस. एक वही घे आणि त्यांच्याजवळ बस. एका दिवसात होणार नाही, रोज थोडं लिही.

फोटो मोबाइलनंच काढ, चालेल. पूर्ण इमारत घेताना मोबाइल वर कलवू नकोस, भिंती वाकड्या येतात. त्यापेक्षा मागे सरक, पार वडापर्यंत. चारही बाजूंनी काढ. मग आतला फळा, दप्तरं टांगायच्या खुंट्या, घंटेचा रुळाचा तुकडा, उंबऱ्याचा झिजलेला दगड. तुळईवर काही कोरलं असेल तर जवळून. सामान हलवायच्या आधी, सगळं जिथल्या तिथे असताना.

आणि एक फोटो माझ्यासाठी. सकाळच्या शाळेला ऊन दारातून थेट फळ्यापर्यंत यायचं, आठवतं? नऊच्या आत आबांना घेऊन जा. खुर्ची ने, त्यांना खाली बसवत नाही. दाराजवळ, आपल्या जागेवर बसव आणि ऊन येईपर्यंत थांब.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार, आबांना साष्टांग. रविवारी फोन करतो.

तुझाच,
मागच्या रांगेतला मित्र