शनिवारचा खेळ : १९४४ ची प्रचारफिल्म

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला राजापुरात, नेहमीच्याच वाचनालयाच्या माडीवर, 'हेल-बेंट फॉर इलेक्शन' दाखवणार आहोत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट चौथ्यांदा उभे होते, तेव्हा त्यांच्या फेरनिवडीसाठी मोटार कामगारांच्या युनियनने बनवून घेतलेली ही रंगीत कार्टून फिल्म. दिग्दर्शक चक जोन्स. लांबी जेमतेम १३ मिनिटं, म्हणून कृपया वेळेवर या. उशिरा येणाऱ्याला फक्त चहा मिळेल.

रूझवेल्ट म्हणजे झोकदार नवी आगगाडी, विरोधी उमेदवार ड्युई म्हणजे जुनाट, धापा टाकणारं इंजिन. आणि सांधा बदलायची जबाबदारी जो नावाच्या साध्या कामगारावर. त्याला झोप लागली की संपलं! मतदाराला सांधेवाला करण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते. उमेदवारापेक्षा मत देणाऱ्याचं काम मोठं, हे इतक्या सोप्या चित्रांत क्वचितच कोणी सांगितलं असेल.

नंतर गप्पा. मधु दंडवते आपल्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघातून १९७१ पासून सलग पाच वेळा लोकसभेत गेले. त्या निवडणुकांच्या सभा, भिंतींवरच्या घोषणा, जीपवरचे भोंगे ज्यांना आठवतात त्यांनी जरूर बोलावं. घरात जुनी पत्रकं, बिल्ले असतील तर घेऊन या, परत मिळतील.

संवाद इंग्रजीत आहेत, पण आधी मराठीत गोष्ट सांगू. मुलांना आणा. जिना काळोखा आहे, बॅटरी जवळ ठेवा.