दारूच्या दुकानातल्या काकांना, कोजागिरीच्या कॉकटेलबद्दल

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. न्यू जर्सीत एडिसनजवळ एका दारूच्या दुकानात संध्याकाळी गल्ल्यावर बसणारे, स्वेटरवर मफलर गुंडाळणारे मराठी काका कोणाच्या ओळखीचे असतील, तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा.

तुम्हाला आठवत असेल. ऑक्टोबरातला गुरुवार होता. मी ब्रँडीच्या मांडणीसमोर उभी राहून आईशी फोनवर बोलत होते आणि "पनीर घ्यायला आलेय गं" असं बिनदिक्कत सांगत होते. फोन ठेवला तर मागून आवाज, "पनीर पलीकडच्या दुकानात मिळतं."

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण तुम्ही लगेच पुढे विचारलंत, "काय करायचंय नेमकं?" एवढंच. मुलगी असून, सणाचं, आमच्या वेळी, यातलं काही नाही. सगळ्यात आधी आभार त्याचेच.

मी सांगितलं की शनिवारी आमच्याकडे कोजागिरी आहे. (इथली कोजागिरी शनिवारीच येते, चंद्राला नोकरी नसली तरी आम्हाला आहे.) बाराजण येणार, त्यातले पाच घेत नाहीत, त्यात सासूबाई. आटीव दूध तर होणारच, पण शरद ऋतू आहे, बागा सफरचंदांनी लगडल्यात, तर सफरचंदाची ब्रँडी आणि गरम मसाले घालून एक कॉकटेल करावं असं मनात होतं. आदल्या रात्रीचा प्रयोगही मी कबूल केला: दहा-बारा लवंगा, दालचिनीची पूड, साखर, पाणी, अर्धा तास रटारटा उकळलेलं. जीभ अशी बधिर झाली की दाढ काढून आल्यासारखं वाटलं. वर ते सगळं शेंबडासारखं ताणलं जात होतं.

तुम्ही हसलात नाही. "दाढेला लवंगच लावतात ना," म्हणालात, "तिच्यातलं युजेनॉल बधिर करतं. लवंगा तीन. मोजून. आणि पूड कधीही नाही, ती पाण्यात फुगते आणि चिकट होते. अख्खी दालचिनी घे." मग मागच्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही लिहून दिलंत. ती पावती अजून फ्रिजवर आहे. एक कप साखर, एक कप पाणी, दालचिनीचे दोन तुकडे, तीन लवंगा, एक चक्रीफूल, आल्याच्या चार चकत्या. पाच मिनिटं उकळायचं, झाकून वीस मिनिटं ठेवायचं, गाळायचं. जायफळ यात नाही, ते शेवटी प्याल्यात वरून किसायचं. "श्रीखंडात घालतेस तसं. उकळलंस की त्याचा वास घरभर जातो आणि प्याल्यात काही उरत नाही."

मग बाटल्या. मी स्वस्त म्हणून उचललेली बाटली तुम्ही माझ्या हातून घेतलीत आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लावलंत. 'ब्लेंडेड ॲपलजॅक' (ॲपलजॅक म्हणजे इथली सफरचंदाची दारू): त्यात सफरचंदाची ब्रँडी 35 टक्के, बाकीचं साधं धान्याचं स्पिरिट. मला वाटत होतं ॲपलजॅक म्हणजे सगळं सफरचंदच. शेजारची 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेली घे म्हणालात. त्या शब्दांमागे 1897 चा कायदा आहे: एकाच भट्टीचा, एकाच हंगामाचा माल, किमान चार वर्षं पिंपात मुरलेला आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोलचा. कॅल्व्हाडोस, म्हणजे फ्रान्सची सफरचंदाची ब्रँडी, त्याहून महाग होता. मी त्याच्याकडे हात नेला तर म्हणालात, "तो नुसता प्यायचा. लिंबू पिळून त्याची माती करू नकोस." जास्त पैसे घ्यायची संधी सोडून देणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून की काय, तुम्हाला जरा बोलायचंही होतं. इथल्या मॉनमथ काउंटीतल्या लेअर्ड घराण्याच्या हिशोबाच्या वहीत 1780 पासून ॲपलजॅकच्या विक्रीची नोंद आहे आणि जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्याकडे कृती मागितली होती असं ते अभिमानाने सांगतात, हे मला तुमच्याकडूनच कळलं. मी इथे नऊ वर्षं राहतेय! आणि पूर्वी शेतकरी आंबवलेल्या सायडरची पिंपं थंडीत बाहेर ठेवत, पाणी आधी गोठे, बर्फ काढून टाकला की उरलेलं कडक होई, हे सांगताना तुम्ही म्हणालात, "भट्टीत ऊर्ध्वपातन, इथे त्याच्या उलट." ऊर्ध्वपातन! नववीनंतर हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तुम्ही नक्की रसायनशास्त्र शिकवत असणार.

पण खरी अक्कल तुम्ही शेवटी दिलीत. मी सगळं एकाच पातेल्यात गरम करणार होते, ब्रँडीसकट. "गॅस चालू असताना बाटली उघडायचीसुद्धा नाही. अल्कोहोल पाण्याच्या कितीतरी आधी उडतं आणि त्याची वाफ पेटते." मसाल्याचा पाक वेगळा, सायडर वेगळं, ब्रँडी वेगळी. इथे सायडर म्हणजे गढूळ, ताजा सफरचंदाचा रस, त्यात नशा नसते. तेव्हा एकाच पाकातून घेणाऱ्यांचंही होतं आणि न घेणाऱ्यांचंही.

तसंच केलं. एका प्याल्याला ब्रँडी 45 मिली, सायडर 60, लिंबाचा रस 20, पाक 20, बिटर्सचे (मसाल्यांच्या कडू अर्काचे) दोन शिंतोडे. तुम्ही सांगितलेली मिठाची कणीही. बर्फ घालून दहा-बारा सेकंद खळखळ हलवलं, गाळलं, वर जायफळ. न घेणाऱ्यांना गरम सायडरमध्ये पाक आणि लिंबू. सासूबाईंनी दोन कप घेतले आणि "यात नक्की काही नाही ना?" असं दोन्ही वेळा विचारलं. गच्चीवर गारठा होता, चंद्र ढगात. नवऱ्याच्या मित्राने तिसरा प्याला मागितला तेव्हा मी दूध पुढे केलं.

रविवारी पाकाची छोटी बाटली घेऊन मी दुकानात आले. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, अंकल इंडियाला गेले, मार्चमध्ये येतील. बाटली पाहून तो हसला. "अंकल पीत नाहीत. कधीच नाही. गिऱ्हाइकांना विचारून विचारून सगळं पाठ केलंय."

बाटली मी परत आणली. पाक फ्रिजमध्ये महिनाभर टिकतो, मार्चपर्यंत नाही, तेव्हा तुम्ही आलात की ताजा करून आणीन. त्यात दारूचा थेंबही नसतो. रात्री कपभर दुधात एक चमचा घाला. आलं उकळलेलं असतं, त्यामुळे दूध नासत नाही. करून बघितलंय.

तुमची,
पनीरवाली