लेबलावरची एक ओळ वाचायला शिकवल्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

माझ्या गेमिंग संगणकासाठी मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय निवडताना आपण जी मदत केलीत, तिच्याबद्दल त्या दिवशी घाईघाईत दोन शब्द बोललो होतो, पण ते मनासारखे झाले नाही, म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण ज्या गोंधळात मी दोन महिने अडकलो होतो त्यात आणखी कोणी असेल, तर आपले सांगणे त्यांच्याही उपयोगी पडावे.

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे ठरलेल्या गतीपेक्षा जास्त वेगाने चालवलेला, प्रोसेसर पहिली दहा मिनिटे उत्तम चालत असे, मग त्याची गती आपोआप उतरत असे आणि भारी गेममध्ये तर संगणक एकाएकी बंद पडत असे. प्रोसेसरचे तापमान 70 अंशांच्या पुढे जात नव्हते, तरीही मी कूलर बदलला, थर्मल पेस्ट दोनदा लावली आणि अखेर प्रोसेसरच सदोष असावा असे गृहीत धरले. आपण कॅबिनेटचे झाकण काढलेत आणि प्रोसेसरऐवजी त्याच्या शेजारच्या मॉस्फेटकडे, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या छोट्या स्विचकडे, बोट दाखवलेत. त्यांच्यावर उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंकच नव्हता. तिथल्या सेन्सरचा आकडा 110 अंशांच्या वर गेलेला आपण मला दाखवलात, तेव्हा गती का उतरते ते मला प्रथमच कळले.

त्यानंतर आपण वहीच्या पानावर जो हिशेब मांडलात, तो मी जपून ठेवला आहे. प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 1.2 व्होल्टचे 1.35 व्होल्ट केले आणि गती केवळ 10 टक्क्यांनी वाढवली, तरी विजेची मागणी सुमारे 39 टक्क्यांनी वाढते. 200 वॅट घेणाऱ्या प्रोसेसरसाठी 12 व्होल्टच्या केबलमधून सुमारे 17 अँपिअर येतात, पण 1.35 व्होल्टला त्याच 200 वॅटचे जवळजवळ 148 अँपिअर होतात, आणि हा सगळा प्रवाह मदरबोर्डवरच्या व्हीआरएमला, म्हणजे 12 व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या भागाला, पेलावा लागतो. मी मात्र तोवर बोर्डावरचे दिवे आणि यूएसबीची तोंडे मोजत होतो! ओव्हरक्लॉकिंगसाठी चिपसेटची, म्हणजे बोर्ड कोणत्या मालिकेचा हवा याची, अट आपण एका वाक्यात सांगितलीत: इंटेलमध्ये के मालिकेचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, एएमडीमध्ये बी किंवा एक्स मालिका. बाकी सगळा वेळ आपण व्हीआरएमला दिलात. व्हीआरएममधल्या फेजची, म्हणजे वीज वाटून नेणाऱ्या समांतर वाटांची, संख्या जाहिरातीत फुगवून सांगता येते, म्हणून प्रत्येक पॉवर स्टेज किती अँपिअरचा आहे आणि त्यावरचा हीटसिंक खरोखर जाड धातूचा आहे की नुसते झाकण आहे, हे पाहायला आपण शिकवलेत.

पॉवर सप्लायची गोष्ट तर मी विसरूच शकत नाही. खोक्यावर 650 वॅट असे ठळक छापलेले होते. आपण चष्मा कपाळावर सरकवून, लेबल अगदी डोळ्यांजवळ नेऊन त्यातली 12 व्होल्टची ओळ मोठ्याने वाचलीत: 40 अँपिअर. म्हणजे 480 वॅट. प्रोसेसर 200, ग्राफिक्स कार्ड 290, त्यावर पंखे आणि डिस्क. ज्या 12 व्होल्टवर हा सगळा भार पडतो, तिथेच तो सप्लाय तोकडा होता. त्यातून आधुनिक ग्राफिक्स कार्ड क्षणभर सरासरीहून कितीतरी जास्त वीज ओढते, आणि अशा झटक्यांचा विचार पॉवर सप्लायच्या 2022 च्या एटीएक्स 3.0 मानकात मुद्दाम केलेला आहे, हेही आपल्याकडूनच कळले. 80 प्लसचे पदक फक्त कार्यक्षमता सांगते, रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) किंवा संरक्षक सर्किटांबद्दल काही सांगत नाही, हे मला पटायला वेळ लागला, कारण तोवर मी त्या पदकावरच विसंबून होतो. आपण न कंटाळता पुन्हा समजावलेत.

शेवटी 850 वॅटचा सप्लाय आणि भक्कम व्हीआरएमचा बोर्ड बसवला. ग्राफिक्स कार्डाला, आपण बजावल्याप्रमाणे, एकाच केबलची दोन तोंडे न लावता दोन स्वतंत्र केबल दिल्या आणि बायोसमध्ये लोड-लाइन, म्हणजे भार वाढल्यावर पडणारे व्होल्टेज सावरणारी सेटिंग, मधल्या पातळीवरच ठेवली. सलग चार तासांच्या चाचणीत व्हीआरएम 68 अंशांवर स्थिर राहिला आणि गती एकदाही उतरली नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याला अजून सांगितलेली नाही. जोडणीच्या रात्री कॅबिनेटमध्ये नीट ओवलेल्या जुन्याच केबल नव्या सप्लायला जोडाव्यात, असे माझ्या मनात आले होते. तोंड खाचेत चपखल बसतही होते. तेवढ्यात जाता जाता दारातून आपण सांगितलेले आठवले, की मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, केबलच्या सप्लायकडील पिनांची मांडणी प्रत्येक ठिकाणी सारखी नसते आणि चुकीच्या केबलने 12 व्होल्ट भलत्याच पिनेवर जाऊ शकतात. मी हात मागे घेतला आणि जुन्या केबल एकेक करून बाहेर काढल्या. माझ्या डिस्का, आणि त्यांच्यावरचे सहा वर्षांचे काम, त्या रात्री आपल्या त्या एका वाक्यामुळे वाचले असावे, आणि त्याबद्दल मी आपला वेगळा ऋणी आहे.

आपला कृतज्ञ,
समोरच्या घरातला पुतण्या