पुस्तकं चाळू तरी द्या

संपादक महोदय,

मुंबईतलं १९४८ पासूनचं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झालं तेव्हा सगळे हळहळले, पण खरेदी मात्र मोबाइलवरच चालू. डिस्काउंटमध्ये ऑनलाइनवाल्यांशी छोटा दुकानदार जिंकणार नाहीच, मग त्या भानगडीत पडायचंच कशाला? आमच्या पुण्यात आप्पा बळवंत चौकात बऱ्याच ठिकाणी काउंटरवर नाव सांगायचं नि पुस्तक घ्यायचं, पण नाव आधीच माहीत असेल तर माणूस घरबसल्याच मागवणार ना! त्यापेक्षा कपाटं उघडी ठेवा, दोन-चार खुर्च्या टाका, नवीन आलेल्या पुस्तकांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, अधूनमधून लेखकाला बोलवा. पार्किंगचं तेवढं महापालिकेने बघावं, तिथे गाडी लावणं महाकठीण.

– एक वाचक, पुणे